चौतीस आणि सदतीस

या, अशा पुढे येऊन बसा. दाराशी उभं राहून ही गोष्ट ऐकू यायची नाही, कारण मी ती मोठ्याने सांगणार नाही. गोष्ट एका भावाची आणि त्याच्या धाकट्या बहिणीची आहे. आणि आणखी एका मुलीची, जिने अशा ताटातूट झालेल्यांची भेट व्हावी म्हणून वर्षभर डोळे फोडून काम केलं आणि जिच्या हातून नेमकी ही भेट हुकली. वाईट कोणाच्याच मनात नव्हतं. मग वाईट झालं कसं, असं विचाराल. तेच सांगायला बसले आहे. ऐका.

बेपत्ता माणसांच्या नोंदणी कचेरीत मी वीसेक वर्षं काउंटरवर होते. माझ्यासमोर एक लाकडी खुर्ची असायची. तिच्या दोन्ही हातांवरचं पॉलिश कधीच उडून गेलं होतं, कारण तिथे बसणारा प्रत्येक जण ते हात घट्ट धरूनच बोलायचा. कचेरीत नोंदींचे दोन ढीग. एक घरच्यांचा: आमचं माणूस हरवलंय. दुसरा बासष्ट रुग्णालयांचा: आमच्याकडे एक माणूस आहे, त्याला नाव नाही. देवाची कृपा झाली की या ढिगातला कागद त्या ढिगातल्या कागदाशी जुळायचा, आणि त्या दिवशी आम्ही सगळे चहाला एकत्र बसायचो.

पूर्वी हे काम हातानेच चालायचं. पुढे नोंदी लाखांत गेल्या आणि माणसांना ते झेपेना. तेव्हा कचेरीत एक मुलगी आली. वकिलीशी तिचा काडीचा संबंध नव्हता, संगणकावर प्रोग्रॅम लिहायची, पण पहिल्याच आठवड्यात तिने साहेबांशी पंख्याच्या वेगावरून असा काही वाद घातला की सगळे तिला 'वकील' म्हणू लागले. तिलाही ते आवडायचं. मला मावशी म्हणायची. डबा माझ्याच टेबलावर उघडायची आणि निम्मा तसाच परत न्यायची.

एक दिवस मी विचारलं, "तू दिवसभर त्या काचेत बघून करतेस तरी काय?"

"मावशी, आपल्याकडे चाळीस यंत्रं आहेत. एकट्या यंत्राला सगळ्या नोंदी जुळवायला बसवलं तर ते महिनाभर दळत बसेल. म्हणून एक फ्रेमवर्क असतं. तुम्ही मुकादम समजा. तो नोंदी चाळीस जणांना वाटून देतो, काम करून घेतो आणि शेवटी गोळा करतो."

"मग मुकादमच सगळं करतो की. तू पगार कशाचा घेतेस?"

"तुमच्या टोमण्यांचा," ती म्हणाली आणि हसली. "अहो, मुकादमाला फक्त आकडे कळतात, अक्षरं कळतात, तारखा कळतात. सदतीस म्हटलं की त्याच्या लेखी सदतीसच. पण बेशुद्ध माणसाकडे बघून नर्सने लिहिलेलं सदतीस खरं सदतीस असतं का? तो अदमास. तेहतीस असेल, एक्केचाळीस असेल. हे मुकादमाला कोण सांगणार? म्हणून मी त्याला आपला स्वतःचा एक नवा प्रकार शिकवतेय. नावच ठेवलंय 'अदमास'. त्यात वय असतं आणि ते कोणी सांगितलं तेही असतं, घरच्यांनी की नर्सने."

नवा प्रकार शिकवायचा तर मुकादमाला तीन गोष्टी सांगाव्या लागतात, असं तिने मला बोटांवर मोजून दाखवलं. एक, तो प्रकार एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पाठवताना त्याची घडी कशी घालायची आणि पलीकडे ती कशी उलगडायची. दोन, दोन अदमास सारखे कधी म्हणायचे. तीन, कोणता अदमास कोणत्या यंत्राकडे धाडायचा.

पहिल्या गोष्टीने तिचे दोन महिने खाल्ले. घडी घालताना सगळं असायचं, पलीकडे उलगडलं की 'कोणी सांगितलं' तेवढंच गायब. ती चिडायची, रडायची, पुन्हा बसायची. शेवटी जमलं तेव्हा तिने सगळ्या कचेरीला चहा पाजला. दुसरी गोष्ट तिने डॉक्टरांशी, नर्सेसशी बोलून ठरवली: पाच वर्षांपर्यंतचा फरक असला तर सारखं धरायचं.

"आणि तिसरी?" मी विचारलं.

"ती सोपी आहे हो. यंत्र म्हणजे एकेक खोली समजा. वीस खोल्या बायकांच्या, वीस पुरुषांच्या. पाच-पाच वर्षांची एक खोली. तीस ते चौतीसच्या बायका एका खोलीत, पस्तीस ते एकोणचाळीसच्या पुढच्या खोलीत. ज्या खोलीत जो जाईल, तिथेच त्याची गाठ पडेल."

मी मान डोलावली. माझं वय, माझा अनुभव, एकोणीस वर्षं माणसांची वयं लिहिलेली, आणि मी मान डोलावली.

आमच्याकडे एक रीत होती. कोणताही प्रोग्रॅम यंत्रांवर चढवण्याआधी तो दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचा. ती पाडली होती मास्तरांनी. ते तिचे वरिष्ठ, आधी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून मास्तर. डोळ्यांपेक्षा कान कमी फसतात असं त्यांचं म्हणणं. ते खुर्चीत मागे रेलून डोळे मिटायचे आणि ऐकायचे. त्या दिवशीही तसंच ऐकलं. मी शेजारी फायली लावत होते.

"दोन अदमासांत पाच वर्षांपर्यंत फरक असेल तर ते सारखे," वकील वाचत होती.

"हं."

"खोली ठरवताना वयाला पाचाने भागायचं. भागाकार येईल ती खोली."

"हं. इथेही पाच, तिथेही पाच. बसलं." मास्तरांनी डोळे उघडले. "चढव."

कानाला ते गोडच लागलं होतं. वाचलं नसतं, कागदावर आखून पाहिलं असतं, तर कदाचित दिसलं असतं. आधी तिने ते आपल्या टेबलावर तपासलंही होतं, जुन्या तीन हजार जोड्या घालून. सगळ्या जुळल्या. पण तिच्या टेबलावर यंत्र एकच. एकाच खोलीत सगळे, तिथे कोण कोणाला भेटणार नाही?

चाळीस यंत्रांवर दर मंगळवारी दुपारी काम चालू झालं. पहिल्याच महिन्यात तीनशेच्या वर माणसं घरी गेली. साहेबांनी भाषण केलं. सापडलेल्यांची यादी भिंतीवर लागली. न सापडलेल्यांची यादी कोण लावणार?

असाच एका मंगळवारी सकाळी तो आला. कुलूपवाला. चाळिशीचा माणूस, बोटांच्या पेरांत काळं बसलेलं, शर्टाच्या खिशात कानस. खुर्चीत बसला आणि हात धरले.

"बहीण आहे माझी. काल सकाळी दोरा आणायला बाहेर पडली, परत आली नाही. तिला फिट येतात हो. लग्न केलं नाही, आमच्यातच असते. माझ्या बायकोचा तिच्यावाचून हात हलत नाही."

"वय?"

"पस्तीस."

"पूर्ण आहेत का पस्तीस?"

"पूर्ण म्हणजे... शुक्रवारी होतील. तीन दिवस राहिलेत."

"पूर्ण झालेली वर्षं सांगायची असतात, दादा," असं म्हणून मी पस्तीस खोडलं आणि चौतीस लिहिलं. नियम होता. एकोणीस वर्षांत हा नियम मी एकदाही मोडला नव्हता, आणि त्याचा मला अभिमान होता.

"आणखी एक लिहा. तिच्या गळ्यात काळ्या दोरीत चावी असते. घराची. मी केलेली. फिट येऊन कुठे पडली, उठली, तरी घर उघडता यावं म्हणून. घरच्या चाव्यांच्या डोक्यावर मी कानशीने चंद्रकोर काढतो. अंधारात बोट फिरवून सांगेन की माझी आहे."

फॉर्मवर चावीचा रकाना नव्हता. मी 'इतर' मध्ये लिहिलं. 'इतर' कोणतंच यंत्र वाचत नसे.

"मी बाहेर बसून राहू की रुग्णालयं बघून येऊ?" त्याने विचारलं. "एकेक वॉर्ड बघतो."

"वॉर्डात सोडत नाहीत आता. आणि बासष्ट कुठे फिरणार तुम्ही? यंत्र शोधतं. तुमच्या डोळ्यांपेक्षा नीट शोधतं. आजच्या फेरीत तुमची नोंद जायची नाही, पुढच्या मंगळवारी तीननंतर या."

हे मी बोलले, मायेने बोलले. त्याच्या पायांची मला कीव आली होती.

त्यानंतर तो नऊ मंगळवार आला. तीनला पाच मिनिटं असताना यायचा. मी पडद्यावर बघायचे आणि मान हलवायचे. तिसऱ्या मंगळवारी त्याने कचेरीच्या कपाटाचं अडकणारं कुलूप न सांगता दुरुस्त करून दिलं. पाचव्या मंगळवारी त्याच्याबरोबर त्याची बायको आली. ती जाताना म्हणाली, "बाई, आम्ही कडी लावत नाही हं दाराला." मी घरी जाऊन देवासमोर बसले आणि त्या न पाहिलेल्या पोरीसाठी हात जोडले. यंत्रावर माझा विश्वास होता आणि देवावरही. दोघांपैकी एक तरी तिला शोधेल असं मला वाटत होतं.

वकील एकदा माझ्या मागे येऊन उभी राहिली. तो जिना उतरत होता. "मावशी, ते काका कोण? दर मंगळवारी दिसतात."

"बहीण हरवलीये."

"नोंद असेल तर सापडेल," ती म्हणाली. "रुग्णालयातून नोंदच आली नसेल तर मी काय करणार?"

नोंद आली होती. दुसऱ्याच दिवशी आली होती. त्याच्या दुकानापासून बसने चार थांब्यांवर एक रुग्णालय आहे. तिथे सोमवारी दुपारी एका बाईला आणलं होतं. फिट येऊन पायरीवर डोकं आपटलेलं. डोळे उघडे, वाचा गेलेली. नर्सने चेहऱ्याकडे बघितलं. आजारपणाने माणूस थोडं मोठंच दिसतं. तिने लिहिलं: अनोळखी स्त्री, अदमासे सदतीस. दोन दिवसांनी तिला तिसऱ्या मजल्यावर हलवलं, खाट नंबर अठ्ठावीस. अंगावरच्या वस्तू पिशवीत घालून कपाटात ठेवल्या.

पंचेचाळीस दिवस ती तिथे होती. छातीत न्यूमोनिया झाला आणि एका गुरुवारी सकाळी गेली. दहा दिवस शवागारात वाट पाहिली, मग नगरपालिकेने अंत्यसंस्कार उरकले. भाऊ आला त्या नऊ मंगळवारांतले सहा मंगळवार ती जिवंत होती. मी मान हलवत होते आणि ती जिवंत होती.

हे उघडकीला कसं आलं ते ऐका. रुग्णालयात अनोळखी रुग्णांच्या वस्तूंचं एक लोखंडी कपाट आहे. त्याचं कुलूप अडकलं. भांडारवाल्याने जवळच्या कुलूपवाल्याला बोलावलं. तो गेला, गुडघ्यावर बसला, दोन मिनिटांत कुलूप उघडलं. दार ओढलं तर आत रांगेने पारदर्शक पिशव्या. अठ्ठावीस नंबरच्या पिशवीत एक निळा रुमाल, दोऱ्याचं रीळ आणि काळ्या दोरीत चावी.

भांडारवाला मला नंतर म्हणाला, "त्याने पिशवी उघडली नाही, बाई. बाहेरूनच अंगठा फिरवला. आणि मला विचारलं, ही कुठे आहे?"

तो तसाच आमच्याकडे आला. बुधवार होता. तीन वाजले नव्हते, मंगळवार नव्हता, आणि तो समोर उभा. खुर्चीत बसला नाही. पिशवी काउंटरवर ठेवली.

"तुमच्या यंत्राने बघितलं नाही का हे?"

वकील आतून आली. तिने पिशवीवरचा नंबर वाचला, आत गेली आणि दोन्ही नोंदी काढल्या. मी तिच्या मागे उभी. पडद्यावर शेजारी शेजारी: चौतीस. सदतीस. स्त्री. डाव्या भुवईवर जुना व्रण, दोन्ही नोंदींत. तीन वर्षांचा फरक.

"हे सारखे आहेत," ती म्हणाली. "माझ्याच नियमाने सारखे आहेत."

तिने आपल्या टेबलावरच्या यंत्रावर चालवून पाहिलं. क्षणात जुळले. चाळीस यंत्रांवर चालवलं. नाही. पुन्हा टेबलावर, जुळले. पुन्हा चाळिसांवर, नाही. मास्तर आले. त्यांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. एक कागद ओढला, त्यावर चौकोन काढले, खोल्यांसारखे, आणि चौतीस एका चौकोनात लिहिलं, सदतीस शेजारच्या चौकोनात.

मलासुद्धा कळलं. सारखे म्हणायचं आणि वेगवेगळ्या खोल्यांत कोंडायचं. मग ते सारखे आहेत हे बघणार कोण? मधे एक भिंत. चौतीसच्या दारावर टकटक करायला सदतीसला कोणी सांगितलंच नव्हतं.

"मी ऐकलं होतं," मास्तर म्हणाले. "पाच आणि पाच. मीच म्हणालो चढव."

वकिलाने त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती कामाला लागली. प्रत्येक नोंद तिच्या खोलीत जाईलच, शिवाय तिची एकेक प्रत दोन्ही बाजूंच्या खोल्यांतही जाईल, असं तिने केलं. इतकंच. दीड तासाचं काम. दुपारी साडेचारला यंत्रांनी नवी यादी दिली. सेहेचाळीस जोड्या. कुलूपवाल्याच्या बहिणीसकट एकोणतीस नोंदींवर 'निधन' शिक्का पडलेला. सतरा जण अजून कुठल्या ना कुठल्या खाटेवर.

त्या सतरा घरांना आम्ही दोन दिवस फोन करत होतो. पलीकडून हुंदके यायचे, आशीर्वाद यायचे. मी ते घेत होते आणि घशाखाली उतरत नव्हते. उरलेल्या एकोणतीस घरी साहेब म्हणाले पत्र पाठवा. पत्रात कारण लिहायचं नाही, असंही म्हणाले.

"कुलूपवाल्याला मी स्वतः सांगणार," वकील म्हणाली.

"काय सांगणार?"

"जे झालं ते."

"तुझी नोकरी जाईल, बाळ."

"जाऊ दे, मावशी. तुम्ही येता का? मला एकटीला बोलता येणार नाही."

आम्ही दोघी बसने त्याच्या दुकानी गेलो.

त्याचं दुकान म्हणजे एक कपाट उभं केल्यासारखी जागा. मागच्या फळीवर खिळ्यांच्या रांगा, खिळ्यांवर कोऱ्या चाव्यांचे झुबके, जाडीप्रमाणे लावलेले. चाव्या घासायचं चाक बंद होतं. वकिलाने उभ्यानेच सांगितलं. काही न लपवता, न रडता. तिला खोल्यांचं सांगता येईना तेव्हा तिने त्याच्या फळीकडे बोट केलं.

तो बघत राहिला. मग उठला, एका खिळ्यावरची चावी काढली, शेजारच्या खिळ्यावरची काढली, दोन्ही एकमेकींवर ठेवून उजेडात धरल्या. केसाचा फरक.

"म्हणजे शेजारच्याच खिळ्यावर," तो म्हणाला.

"हो."

"आणि वय पस्तीस असतं तर?"

वकिलाने माझ्याकडे बघितलं नाही. मला वाचवायचं होतं तिला, हे मला कळलं. पण ती पोर खरं बोलायला आली होती आणि मी तिच्या पदराआड कशी लपणार?

"पस्तीस असतं तर पहिल्याच मंगळवारी सापडली असती, दादा," मी म्हणाले. "तुम्ही पस्तीसच सांगितलं होतं. मी खोडलं. आणि तुम्ही वॉर्ड बघायला निघाला होतात, तेही मीच थांबवलं."

त्याने चाव्या खाली ठेवल्या. तो आपल्या हातांकडे बघत होता. वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. मागच्या पडद्याआडून त्याची बायको सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि तिने फळीवरचा दिवा उगाचच पुसायला घेतला.

"तिथल्या नर्सने सांगितलं," तो म्हणाला, "दार वाजलं की ती मान वळवायची. शेवटपर्यंत. बाकी काही हलत नव्हतं, मान वळायची."

मी हात जोडले. दुसरं काय करणार? क्षमा मागण्याइतकंही तोंड उरलं नव्हतं.

"त्याने काय होणार, बाई," तो म्हणाला. कठोर नव्हता आवाज, पण त्यात मला जागा नव्हती. "एक काम करा. रुग्णालयाच्या कागदावर सदतीस आहे. तुमच्या कागदावर चौतीस आहे. नगरपालिकेच्या दाखल्यावर काय आहे मला माहीत नाही. ती गेली तेव्हा तिला पस्तीस पूर्ण होऊन सहा आठवडे झाले होते. तेवढं नीट लिहा. सगळीकडे."

मग त्याने चाक चालू केलं, आणि त्या आवाजात आमचं जाणं कोणाला ऐकू आलं नाही.

वकिलाची नोकरी गेली नाही. साहेबांनी समज दिली. पण तिने स्वतःच सोडली, आणि जाताना 'अदमास'मध्ये एक नवा रकाना घालून गेली, घरच्यांना जे सांगायचं असेल त्यासाठी. आता तो यंत्र वाचतं. मास्तर अजून ऐकतात, पण डोळे उघडे ठेवून, आणि समोर कागद ठेवून. मी वर्षभराने निवृत्त झाले. तीन कचेऱ्यांत जाऊन तिन्ही कागदांवर वय दुरुस्त करून घेतलं. चार महिने लागले. शिक्के मारणारे विचारायचे, बाई, मेलेल्या माणसाचं वय दोन वर्षांनी इकडेतिकडे, काय फरक पडतो?

तुम्ही इतका वेळ बसलात, देव तुमचं भलं करो. माझ्यासाठी काही मागू नका. फक्त आज दिवा लावाल तेव्हा त्या धाकटीला आठवा, जी दोरा आणायला गेली होती, जिच्या गळ्यात घराची चावी होती आणि जी दाराकडे मान वळवत राहिली. तिला चौतीसची म्हणू नका, सदतीसची म्हणू नका. पस्तीसची होती ती. पूर्ण पस्तीस.